यानात जागा कोणाला?

पूर्व जर्मनीत १९६० साली एक चित्रपट आला, 'डेर श्वायगेंडे श्टेर्न', म्हणजे 'मूक तारा'. त्यात शुक्राकडे निघालेल्या यानात आठ माणसं आहेत: एक रशियन, एक अमेरिकन, एक पोलिश, एक जर्मन, एक चिनी, एक आफ्रिकी तंत्रज्ञ, एक जपानी डॉक्टर बाई आणि एक भारतीय गणितज्ञ. या गणितज्ञाचं नाव सिकर्णा. शुक्रावरून आलेल्या संदेशाचं कोडं उलगडायचं काम त्याच्याकडे आणि चिनी भाषातज्ज्ञाकडे आहे. राकेश शर्मा १९८४ मध्ये अंतराळात गेले. त्याआधी चोवीस वर्षं, बर्लिनजवळच्या एका स्टुडिओत कुणीतरी यानात भारतीयासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा ऊर भरून आला. मग श्रेयनामावली नीट वाचली. सिकर्णाचं काम कुर्ट राकेलमान या जर्मन नटाने केलेलं होतं. खुर्ची भारतीयाची, बसलेला माणूस मात्र जर्मन.

हे पुस्तक त्या खुर्चीविषयी आहे. गेली काही वर्षं मी असे जुने चित्रपट पाहताना शेजारी वही ठेवतो. तिच्यात तीन रकाने आखलेले आहेत. यानात जागा कोणाला मिळाली? जागा मिळाल्यावर वाट्याला काम कोणतं आलं? आणि यान परतलं तेव्हा त्यातून कोण उतरलं? पडद्यावरचं वैविध्य आणि प्रतिनिधित्व यांवर मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत, पण नव्या वाचकाने सुरुवात करायला हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

आधी प्रदेश आखून घेऊ. शतकाच्या मध्यावरचे विज्ञान-साहसपट म्हणताना मी साधारण १९५० ते १९६८ हा काळ धरतो. १९५० मध्ये जॉर्ज पाल यांच्या 'डेस्टिनेशन मून'ने रॉकेटची सफर मोठ्या पडद्यावर गांभीर्याने आणली. १९६८ मध्ये 'टू थाउजंड अँड वन: अ स्पेस ओडिसी' आणि 'प्लॅनेट ऑफ द एप्स' एकाच वर्षी आले आणि या प्रकाराचं वय वाढलं. मधल्या अठरा वर्षांवर हिरोशिमाची सावली होती, शीतयुद्ध होतं, उडत्या तबकड्यांच्या बातम्या होत्या आणि चंद्राकडे जाण्याची चढाओढ होती. यातले बरेचसे चित्रपट कमी पैशांत, थोड्या दिवसांत उरकलेले. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती, त्यातला एखादा बहुधा असा असे. समीक्षकांनी त्यांना बराच काळ दारातसुद्धा उभं केलं नाही.

नेमक्या याच कारणासाठी ते मोलाचे आहेत. घाईत केलेल्या कामात माणूस आपल्याला जे गृहीत वाटतं तेच मांडतो. शिवाय विज्ञानपटाला वास्तवाची सबब नसते. 'देम!' (१९५४) या चित्रपटात न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात मोटारीहून मोठ्या मुंग्या निघतात आणि प्रेक्षक त्या मान्य करतो. ज्या पडद्यावर अशा मुंग्या चालतात, त्या पडद्यावर कृष्णवर्णीय वैमानिक का चालत नाही, या प्रश्नाला 'तेव्हा परिस्थितीच तशी होती' हे उत्तर अपुरं पडतं. भविष्य मोकळं होतं. त्यात हवं ते रंगवता येत होतं. जे रंगवलं नाही, तेही कुणीतरी ठरवलेलंच होतं.

अर्थात हे ठरवणं १९५० मध्ये सुरू झालं नाही. १९३६च्या 'फ्लॅश गॉर्डन' मालिकेतला परग्रहावरचा जुलमी राजा मिंग आठवावा. त्याचं नाव, दाढी, झगा, सगळं युरोप-अमेरिकेने मनात बाळगलेल्या चिनी बागुलबुवाचं, आणि ती भूमिका करणारा चार्ल्स मिडलटन गोरा अमेरिकन. म्हणजे परका ग्रह दाखवायचा तर आशियाचा वेश उसना घ्यायचा, ही वहिवाट आधीच पडलेली होती. हॉलिवूडच्या निर्मिती संहितेने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय माणसांमधलं प्रेम पडद्यावर दाखवायला बंदी घातली होती. ते कलम १९५६ मध्ये निघालं. पन्नाशीच्या दशकातलं रॉकेट जमिनीवरून उठलं ते हा सगळा भार घेऊन.

अमेरिकी प्रवाहात 'व्हेन वर्ल्ड्स कोलाइड' (१९५१) हा चित्रपट सगळ्यात उघड बोलतो. पृथ्वीचा नाश होणार आहे, यानात चाळीसेक माणसांपुरतीच जागा आहे, आणि ती चिठ्ठ्या टाकून द्यायची आहे. चिठ्ठ्या प्रामाणिकपणे टाकल्या जातात. यानातले सगळेजण गोरे निघतात, कारण ज्यांच्या चिठ्ठ्या त्या पेटीत पडल्या तेच सगळे गोरे होते. अन्याय सोडतीत झालाच नव्हता, तो पेटीत चिठ्ठ्या पडल्या तेव्हाच होऊन गेला होता. वगळणं कसं घडतं हे समजावून सांगायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

त्याच जॉर्ज पाल यांच्या 'कॉन्क्वेस्ट ऑफ स्पेस' (१९५५) मध्ये मंगळावर जाणाऱ्या तुकडीत इमोतो नावाचा जपानी सार्जंट आहे. महायुद्ध संपून दहाच वर्षं झालेली. इमोतो स्वतःहून पुढे येतो आणि का जायचंय ते सांगतो: आमच्या देशाकडे पोलाद नव्हतं, म्हणून कागदाची घरं आणि लाकडी काड्यांनी जेवण. ज्या टंचाईने आम्हाला युद्धाकडे नेलं ती पुन्हा कुणावर येऊ नये म्हणून मंगळ. भाषण मनापासून लिहिलेलं आहे आणि त्या काळात ते धाडसाचंही होतं. पण नीट ऐकलं की दिसतं, बाकी कुणालाही आपल्या देशाच्या वतीने खुलासा द्यावा लागलेला नाही. ब्रुकलिनच्या सैनिकाने फक्त विनोद केला तरी त्याची जागा पक्की आहे. इमोतोची भूमिका बेन्सन फाँग या चिनी वंशाच्या अमेरिकन नटाने केली. चिनी काय, जपानी काय, पडद्याला तेव्हा फरक पडत नव्हता.

स्त्रियांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना जागा मिळाली, पदवीही मिळाली. 'रॉकेटशिप एक्स-एम' (१९५०) मध्ये रसायनशास्त्रज्ञ बाई आहे, 'देम!'मध्ये कीटकशास्त्रज्ञ, 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी' (१९५५) मध्ये सागरी जीवशास्त्रज्ञ. 'देम!'मधली डॉ. पॅट्रिशिया मेडफर्ड मुंग्यांच्या वारुळात उतरायचा हट्ट धरते. तिथे काय पाहायचं हे फक्त मलाच कळेल, असं ती ठणकावते आणि उतरते. पण या बहुतेक चित्रपटांत असा एक क्षण येतोच, जिथे सहकारी तिच्या निष्कर्षाआधी तिचं रूप पाहतो आणि पटकथा त्याच्या बाजूने उभी राहते. याच वर्षांत व्हर्जिनियातल्या लँगली प्रयोगशाळेत डोरोथी वॉन आणि कॅथरीन जॉन्सन यांच्यासारख्या कृष्णवर्णीय गणितज्ञ स्त्रिया विमानांची आणि पुढे अंतराळयानांची गणितं सोडवत होत्या. त्यातल्या बऱ्याच काळात त्यांचा विभागही वेगळा ठेवलेला होता. प्रत्यक्ष जग कल्पनेच्या जगापुढे होतं, आणि पडद्याला त्याचा पत्ता नव्हता.

पडद्यामागचीही एक जागा इथे मोजायला हवी. 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' (१९५४) मधला खवल्यांचा जलमानव आज जगभर ओळखला जातो. त्याचं रूप रेखाटण्यात मोठा वाटा होता मिलिसंट पॅट्रिक या चित्रकार स्त्रीचा. स्टुडिओने तिला प्रसिद्धीसाठी शहरोशहरी फिरवलं. रंगभूषा विभागाच्या प्रमुखाला ते रुचलं नाही, पडद्यावर श्रेय त्याच्या नावावर गेलं आणि तिचं तिथलं काम थांबलं. तिचं नाव पुन्हा ठळकपणे वाचकांपुढे यायला २०१९ साल उजाडलं, मॅलरी ओमारा यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा.

आणि तरीही अमेरिकेत दुसरी कल्पनाशक्ती होती. चित्रपटाच्या शेजारघरी, चित्रकथांमध्ये, १९५३ साली ईसी कॉमिक्सने 'जजमेंट डे' छापली. नारिंगी आणि निळ्या यंत्रमानवांच्या ग्रहावर पृथ्वीचा प्रतिनिधी येतो, तिथला भेदभाव पाहतो आणि त्या ग्रहाला आकाशगंगेच्या संघात प्रवेश नाकारतो. गोष्टभर त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे. शेवटच्या चौकटीत तो ते काढतो, आणि आपल्यासमोर घामाचे थेंब चमकणारा एका कृष्णवर्णीय माणसाचा चेहरा येतो. ही गोष्ट पुन्हा छापायची वेळ आली तेव्हा चित्रकथांसाठीच्या वेगळ्या संहितेच्या अधिकाऱ्याने त्या चेहऱ्याला हरकत घेतली. प्रकाशक बिल गेन्स मागे हटले नाहीत, ती १९५६ मध्ये तशीच छापली गेली.

चित्रपटात हा प्रश्न थेट आणला तो कृष्णवर्णीय नट हॅरी बेलाफाँटे यांनी. 'द वर्ल्ड, द फ्लेश अँड द डेव्हिल' (१९५९) मध्ये जग ओस पडलंय आणि रिकाम्या न्यूयॉर्कमध्ये एक कृष्णवर्णीय पुरुष आणि एक गोरी स्त्री उरली आहे. ती त्याला आपले केस कापून द्यायला सांगते. कात्री हातात घेतल्यावर तो अवघडतो, हात जड पडतो, चिडचिड होते. पाहायला, बोलायला शहरात तिसरं माणूस नाही, तरी कायदा, शेजारी, समाज सगळे त्या खोलीत हजर आहेत. वर्णभेद माणसाच्या बोटांपर्यंत कसा झिरपतो हे मी दुसऱ्या कुठल्या विज्ञानपटात इतकं जवळून पाहिलेलं नाही. पुढे तिसरा माणूस येतो, गोरा, आणि चित्रपट हळूहळू कच खातो. बेलाफाँटे यांनाही तो शेवटी समाधान देऊन गेला नाही.

जपानकडे वळलं की प्रश्न उलटा होतो. इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' नोव्हेंबर १९५४चा. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या अमेरिकी चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. प्रेक्षकांच्या मनात ती ताजी होती. 'गोजिरा'त आगगाडीत बसलेली एक तरुणी सहज बोलून जाते, की नागासाकीतून वाचले ती यासाठीच का? हा चित्रपट १९५६ मध्ये अमेरिकेत गेला तेव्हा तो संवाद गेला, अणुचाचण्यांचा संदर्भ पुसट झाला आणि रेमंड बर या गोऱ्या नटाची नवी दृश्यं मध्ये शिवली गेली. आपल्याच शोकांतिकेत जपानी माणसं मागच्या रांगेत गेली. पण जपानलाही मोकळं सोडता येत नाही. 'मोथ्रा' (१९६१) मध्ये अणुचाचणीच्या बेटावरचे आदिवासी दाखवायला जपानी नटांनीच अंगाला तपकिरी रंग फासला. ज्याला स्वतःला मागच्या रांगेत ढकललेलं आहे, तोही दुसऱ्याला त्याच्याही मागे ढकलू शकतो.

तिसरा प्रवाह समाजवादी देशांचा. सगळ्या राष्ट्रांची माणसं एका यानात, हे त्यांच्या विचारप्रणालीचंच चित्र होतं. त्यात प्रचार होता हे खरं, पण त्या प्रचारामुळे पडद्यावर जे चेहरे आले ते दुसरीकडे आले नव्हते. 'मूक तारा'मधली जपानी डॉक्टर सुमिको हिरोशिमाची जखम घेऊन यानात बसते, आणि बॉम्बचा विषय तिच्यासमोर अमेरिकन सहप्रवाशाला टाळता येत नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत कापून-छाटून दाखवताना हिरोशिमाच गाळलं गेलं. वहीचा दुसरा रकाना मात्र इथेही बोलतो: सुमिको डॉक्टर आहे, पण सहकाऱ्यांचं खाणंपिणंही तीच पाहते. चेकोस्लोव्हाकियाच्या 'इकारी एक्सबी-१' (१९६३) मध्ये चाळीस जणांच्या यानात स्त्रिया आणि पुरुष बरोबरीने काम करतात, प्रवासात एक मूल जन्मतं. हॉलिवूडच्या मानाने हे केवढं पुढचं. पण चेहरे बघितले तर सगळे युरोपचे.

आणि आपण? भारताचा या गोष्टीतला सगळ्यात जुना धागा कॅप्टन नेमो. भा. रा. भागवतांमुळे ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या घरचा झाला, तेव्हा नेमो आपल्यातल्या अनेकांना लहानपणीच भेटलेला आहे. व्हर्नने 'मिस्टीरियस आयलंड' (१८७५) मध्ये त्याचं खरं नाव सांगितलं: राजपुत्र दक्कर, बुंदेलखंडचा, टिपू सुलतानाचा भाचा-पुतण्यांतला, १८५७च्या लढ्यात सर्वस्व गमावलेला. म्हणजे विज्ञानकथेतला सगळ्यात गाजलेला कप्तान भारतीय आहे. डिस्नेच्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' (१९५४) मध्ये तो जेम्स मेसन झाला. इंग्रज नट, अप्रतिम अभिनय, आणि १८५७चं नावही नाही. त्याला दुसऱ्याच एका बेनाम सत्तेने छळलेलं दाखवलं. इंग्रजांविरुद्धचा त्याचा राग, जो त्याच्या सगळ्या वागण्याचं मूळ आहे, तो गेला. नसीरुद्दीन शाह यांनी 'द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन'मध्ये नेमो साकारला तो २००३ मध्ये. डिस्नेच्या चित्रपटानंतर पाणबुडीच्या कप्तानाची खुर्ची भारतीय नटाकडे यायला एकोणपन्नास वर्षं लागली.

इथल्या मातीतही असे चित्रपट झाले. सेलमच्या मॉडर्न थिएटर्सने अमेरिकी कंपनीबरोबर 'द जंगल' (१९५२) काढला, तमिळमध्ये 'काडु'. भारतीय रानात केसाळ मॅमथ अवतरतात. राजकन्या होती युटा राज्यात जन्मलेली मरी विंडसर, भारतीय सरदार झाला सीझर रोमेरो. रान आपलं, हत्ती आपले, मोठ्या भूमिका त्यांच्या. १९६३च्या तमिळ 'कलै अरसी'मध्ये परग्रहावरचे लोक गाणारी स्त्री पळवून नेतात, कारण त्यांच्याकडे संगीताची वानवा आहे. १९६७च्या हिंदी 'चाँद पर चढाई'त दारासिंग चंद्रावर जातात. हे चित्रपट कुणाच्या परवानगीची वाट न पाहता आपल्या माणसाला नायक करतात. पण त्यांच्या वहीत स्त्री, आदिवासी, दलित यांचे रकाने तपासले तर आपलीही पेटी आणि तिच्यातल्या चिठ्ठ्या दिसू लागतात. हॉलिवूडला विचारलेला प्रश्न आपल्याला विचारायचा नाही, असं करता येणार नाही.

या चित्रपटांकडे बघायच्या चार रीती गेल्या साठ वर्षांत घडल्या. सुझन सोंटॅग यांनी १९६५च्या निबंधात त्यांना विनाशाच्या भीतीचा आरसा मानलं. पीटर बिस्किंड यांच्यासारख्यांनी त्यांत शीतयुद्धाचं राजकारण वाचलं. स्त्रीवादी अभ्यासाने प्रयोगशाळेतल्या आणि बाहेरच्या बाईकडे लक्ष वेधलं. अदिलिफू नामा यांनी २००८च्या 'ब्लॅक स्पेस'मध्ये सांगितलं, की कृष्णवर्णीय माणूस पडद्यावर नसतानाही त्याची भीती परग्रहवासीयाच्या रूपात तिथे असू शकते. या पुस्तकातले लेख या चारही वाटांनी चालतात. कुठल्याही एका वाटेचा हट्ट धरलेला नाही, कारण 'गोजिरा'ला जी किल्ली लागते ती 'देम!'ला लागत नाही.

मग हे आजच का? पहिलं कारण साधं आहे. 'गोजिरा', 'मूक तारा', 'इकारी' हे चित्रपट आता मूळ रूपात, न कापलेले, उपशीर्षकांसह पाहायला मिळतात. दोन पिढ्यांनी पाहिल्या त्या छाटलेल्या प्रती होत्या. दुसरं कारण जवळचं. गगनयानासाठी इस्रोने निवडलेले चौघे हवाई दलाचे वैमानिक आहेत आणि चौघेही पुरुष. मानवरहित उड्डाणासाठी तयार केलेल्या यंत्रमानवाला मात्र 'व्योममित्र' हे नाव आणि स्त्रीचं रूप दिलं आहे. त्या चौघांच्या कर्तृत्वाविषयी मला अतीव आदर आहे. निवड चाचणी वैमानिकांमधून झाली आणि तिथे तेव्हा स्त्रिया नव्हत्या. पेटीत चिठ्ठी आधी पडावी लागते. हे १९५१च्या एका जुन्या चित्रपटाने मला शिकवलं.

पुस्तक काय करू पाहतं ते आता थोडक्यात. हा कोश नाही, प्रत्येक चित्रपटाची इथे नोंद नाही. कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याची घाई नाही, आणि 'काळच तसा होता' म्हणून सोडून देण्याचीही नाही. आम्ही सगळे लिहिणारे या चित्रपटांवर प्रेम करणारे आहोत. दोरीने ओढलेली मुंगी, हलणारं प्लायवुडचं रॉकेट, यांनी आम्हाला आकाशाकडे बघायला शिकवलं. ज्याच्यावर प्रेम आहे त्याला प्रश्न विचारण्याचा हक्कही असतो, अशी आमची धारणा आहे. मराठीत या विषयावर लिहिताना शब्दही शोधावे लागले. जिथे रूढ शब्द आहे तिथे तोच ठेवला, नाही तिथे समजावून सांगितलं.

शेवटी वहीचा तिसरा रकाना. 'मूक तारा'च्या अखेरीस यान पृथ्वीवर उतरतं, वाट पाहणारी माणसं पुढे येतात, हातात हात गुंफले जातात. सुंदर दृश्य आहे. मी दर वेळी त्यातली डोकी मोजतो. निघाले होते आठ, उतरले पाच. सिकर्णा परतला आहे, सुमिकोही. चिनी शास्त्रज्ञ आणि जर्मन वैमानिक गेले. आणि तालुआ, तो आफ्रिकी तंत्रज्ञ, शुक्रावर जिवंत मागे राहिला, यान त्याच्याशिवाय निघालं. लेख वाचून झाल्यावर वाचकाने यातला कुठलाही एक चित्रपट लावावा, शेजारी कागद घ्यावा आणि शेवटच्या दृश्यात डोकी मोजावीत. तालुआच्या नावापुढे काय लिहायचं, हे तेव्हा ज्याचं त्याला कळेल.